असईच्या रणात पडलेले

दिल्लीला इंडिया गेटपाशी जे राष्ट्रीय युद्ध स्मारक 25 फेब्रुवारी 2019 ला खुलं झालं, तिथं आपल्याकडचे पुष्कळ लोक जाऊन येतात. ज्योतीचा फोटो सगळेच काढतात. पाय रेंगाळतात ते मात्र त्याग चक्रातल्या ग्रॅनाइटच्या भिंतींपाशी. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावं तिथं कोरली आहेत.

आणि आपल्या जालना जिल्ह्यातलं रणांगण? भोकरदन आणि जाफराबादच्या मध्ये असई आहे. 23 सप्टेंबर 1803 ला तिथं दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशी ईस्ट इंडिया कंपनीचा आर्थर वेलस्ली भिडला. हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनवर जिंकला.

त्याचे वाटाडे म्हणाले, केळणा नदीला इथं उतार नाही. वेलस्लीला पिंपळगाव आणि वरूड ही गावं दोन काठांवर समोरासमोर दिसली. एवढी जवळ गावं म्हणजे येणं-जाणं असणारच, हा त्याचा तर्क. इंग्रज इतिहासकार याचं फार कौतुक करतात. आपल्याकडच्या गुराख्यानंही तेच सांगितलं असतं. ते असो. उतार सापडला आणि त्याची फौज केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात शिरली. शिंद्यांच्या कवायती कंपूचा हॅनोव्हरी सेनानी पोलमन यानं सगळी फळी फिरवून नव्या बाजूला तोंड केलं. हे काम कच्च्या फौजेचं नव्हे. तोफांपुढे वेलस्लीच्या 74 व्या हायलँडर पलटणीची दाणादाण उडाली. गोलंदाज तर तोफा सोडेचनात. शत्रूची रांग पुढे निघून गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही जण उठले, तोफा वळवल्या आणि तिच्या पाठीवर मारा सुरू केला.

कंपनीचा हिशेब चोख आहे: 428 ठार, 1,138 जखमी, 18 बेपत्ता. आपल्या बाजूचे मैदानात पडलेले सुमारे बाराशे, आणि हा आकडाही वेलस्लीनंच दिलेला. सरदारांनी रण सोडलेलं. यादी करणार कोण?

‘आपली बाजू’ म्हणतानाही जरा जपून. कंपूत उत्तर हिंदुस्थानचे शिपाई भरपूर होते आणि कंपनीकडून मद्रासी पलटणी लढत होत्या. मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर असईचा हत्ती आजही आहे, आणि ती रेजिमेंट आपल्याच लष्कराची. तेव्हा इथं स्मारक उभारायचं तर कुणाला हिणवण्यासाठी नको. मला अश्वारूढ पुतळाही नको. उताराशी दोन्ही फळ्यांचा मोठा नकाशा असावा, कंपनीचे आकडे असावेत. नावं मिळायची नाहीत, म्हणून शेजारी निदान कामं लिहावीत: गोलंदाज, शिपाई, स्वार, तोफांचे बैल हाकणारे. आणि पाहायला जायचं ते सप्टेंबरातच, केळणेला पाणी असताना. उतार शोधणं म्हणजे काय ते उन्हाळ्यात कळत नाही.