झिर्कॉन आणि शिलारसाचे तापमान



ज्वालामुखीतून वाहत येणाऱ्या लाव्ह्याचे तापमान उपकरणाने मोजता येते. ग्रॅनाइटच्या बाबतीत ती सोय नाही. तो भूपृष्ठाखाली कित्येक किलोमीटर खोलीवर घट्ट होतो आणि वरचे खडक झिजून आपल्या दृष्टीस पडतो, तेव्हा त्याला निवून बहुधा कोट्यवधी वर्षे लोटलेली असतात. मूळचा शिलारस किती तप्त होता, हे मग कोणाला विचारावे? ग्रॅनाइटमध्ये झिर्कॉन या खनिजाचे अतिशय बारीक स्फटिक असतात. आज आपण त्यांची साक्ष काढणार आहोत. मात्र साक्ष म्हटली की उलटतपासणी आलीच.

साखरेचा पाक करताना आपण पाहतो की तापलेल्या पाण्यात पुष्कळ साखर विरघळते आणि पाक निवू लागला की तीच कडेला धरू लागते. शिलारस व झिर्कॉन यांचे नाते असेच आहे. रस जितका तप्त, तितके त्यात झिर्कोनियम अधिक सामावते. तो निवत एका विशिष्ट तापमानाला आला की संतृप्त होतो आणि झिर्कॉनचे स्फटिक जमू लागतात. रसाच्या घटकांवरही हे अवलंबून असते: सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांचे प्रमाण ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या मानाने वाढले, तर झिर्कॉन अधिक विरघळतो. १९८३ मध्ये ब्रूस वॉटसन आणि मार्क हॅरिसन यांनी प्रयोगशाळेत ७५० ते १०२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान प्रयोग करून हा संबंध एका समीकरणात बांधला.

एका नेहमीच्या घडणीच्या ग्रॅनाइटी रसात दशलक्ष भागांत १०० भाग झिर्कोनियम असेल, तर या समीकरणाने सुमारे ७५० अंश तापमान येते; २०० भाग असेल, तर सुमारे ८१० अंश. प्रमाण दुप्पट झाले, तरी उत्तर केवळ ६० अंशांनी सरकले! रासायनिक पृथक्करणातील किरकोळ चुकीने हा तापमापक फारसा बिघडत नाही, हा त्याचा मोठाच गुण. पण २०१३ मध्ये समीकरणाची नवी मांडणी झाली आणि तिच्यानुसार हेच आकडे ४० ते ५० अंशांनी खाली येतात. म्हणून आकडा सांगताना कोणते समीकरण वापरले, तेही सांगावयास हवे.

खरी अडचण मात्र निराळी आहे. आपण पृथक्करण करतो ते खडकाचे; समीकरणाला हवा असतो रस. शिलारसाने आपल्या उगमस्थानातील न विरघळलेले जुने झिर्कॉन सोबत आणलेले असू शकतात. त्यांतील झिर्कोनियम रसात कधी उतरलेच नव्हते; म्हणून अशा खडकावरून काढलेले तापमान ही वरची मर्यादा ठरते. उलट असे जुने झिर्कॉन मुळीच नसतील, तर रस उगमापाशी संतृप्त नव्हता. तो काढलेल्या आकड्याहून अधिक तप्त असला पाहिजे. जुने स्फटिक ओळखता येतात, कारण त्यांच्या गाभ्याचे युरेनियम-शिसे पद्धतीने काढलेले वय खडकाच्या वयाहून अधिक निघते.

कॅल्व्हिन मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ग्रॅनाइटांची याच कसोटीवर विभागणी केली. जुन्या झिर्कॉनांनी समृद्ध असलेल्यांचे सरासरी तापमान ७६६ अंश आले, इतरांचे ८३७ अंश. पहिल्या गटाचे तापमान इतके कमी आहे की केवळ खनिजांतील पाणी सुटून एवढा रस निर्माण होणे कठीण. बाहेरून पाणी शिरले असावे, असे त्यांनी सुचविले. सत्तर अंशांच्या फरकातून कवचातील पाण्याचा प्रश्न उभा राहिला, ही मला या पद्धतीची सर्वांत रोचक फलश्रुती वाटते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे तर मूळ खडकही उरलेला नाही. नंतरच्या गाळाच्या खडकांत चार अब्ज वर्षांहून जुने झिर्कॉनचे सुटे कण तेवढे सापडतात. येथे पृथक्करण करावयाचे कशाचे? वॉटसन व हॅरिसन यांनी २००५ मध्ये स्फटिकांत शिरलेल्या टायटॅनियमच्या अल्प प्रमाणावरून तापमान काढले. ते बहुतांशी ७०० अंशांच्या आसपास आले. त्यावरून त्या आदिम काळातही पाणी असलेल्या परिस्थितीत खडक वितळत होते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. यावर आक्षेपही घेतले गेले. मूळच्या पुष्कळ तप्त रसातही झिर्कॉन बहुधा उशिराच जमतो, आणि तोवर उरलेला रस बराच निवलेला असतो.