वाचनाची विरळणी

(केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेत वाचनाविषयी दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा माझ्या मनात प्रथम संकोचच उत्पन्न झाला. वाचनाचे माहात्म्य सांगणारी भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी तर ती आपण स्वतःच देत असतो. म्हणून तो भाग मी बाजूस ठेवतो. वाचले पाहिजे हे ज्यास पूर्णपणे पटलेले आहे आणि तरीही ज्याच्या हातून वाचन घडत नाही, अशा संसारी शिक्षकाची अडचण मला आपणांपुढे मांडावयाची आहे. तो शिक्षक दुसरा कोणी नसून मीच आहे.

माझ्यापाशी एक जुनी दोनशेपानी वही आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी तीत मी वाचावयाच्या पुस्तकांची नावे टिपू लागलो. कोणी वक्ता ‘दिवास्वप्न’ वाचा म्हणाला, लिहिले. कोणी ‘तोत्तोचान’ सुचविले, तेही लिहिले. पुढे लग्न झाले, दोन मुले झाली. शाळेची माहिती भरणे, पोषण आहाराचा हिशेब, गावातले येणे-जाणे, मुलांची आजारपणे ह्यांत दिवस जाऊ लागले. वाचन आटत गेले. यादी मात्र वाढत राहिली. किंबहुना, नाव टिपून ठेवले की पुस्तक वाचल्याचे अर्धे समाधान मिळते, अशी एक खोटी सवयच मनास जडली.

एके दिवशी माझी चौथीतली मुलगी कोरे पान शोधीत असता ती वही तिच्या हाती लागली. सगळी नावे मोठ्याने वाचून झाल्यावर तिने विचारले, “बाबा, ह्यातली किती पुस्तकं झाली वाचून?” आम्ही दोघांनी मिळून मोजली. एकूण नावे १३६, खूण केलेली १६. म्हणजे १२० पुस्तके शिल्लक होती. ती काही बोलली नाही; परंतु वर्गात गृहपाठ न आणलेल्या मुलाकडे मी ज्या दृष्टीने पाहतो, त्याच दृष्टीने तिने माझ्याकडे पाहिले.

आपण गणित शिकविणारी माणसे आहोत. हौदास एक नळ भरणारा आणि एक रिकामा करणारा, हे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. तेच मी स्वतःस घातले. रोज वीस मिनिटे मिळाली तर सुमारे दहा पाने होतात. अडीअडचणीचे दिवस वगळून वर्षाचे ३०० दिवस धरले, तर पाने ३,००० झाली. पुस्तक सरासरी २०० पानांचे मानले, तर वर्षास १५ पुस्तके होतात. ह्या गतीने १२० पुस्तकांस आठ वर्षे लागतील, आणि तोवर चौथीतली मुलगी बारावीत गेलेली असेल. परंतु हे झाले एकाच नळाचे गणित. महिन्यास दोन नवी नावे मी वहीत लिहीतच होतो. म्हणजे वर्षास २४ आत येणार आणि १५ बाहेर जाणार. आठ वर्षे नेमाने वाचूनही अखेरीस १९२ पुस्तके शिल्लक राहतील! तात्पर्य, अधिक नेटाने वाचीन हा संकल्प कितीही प्रामाणिक असला, तरी तेवढ्याने हा हौद रिकामा होणार नाही. वरचा नळ आवरला पाहिजे, आणि साचलेल्यातून निवड केली पाहिजे.

आता निवड कशी करावी? आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शेती आहे. निंदणी आणि विरळणी ह्यांतील भेद आपणांस सांगावयास नको. निंदणीत तण जाते. कपाशीची विरळणी करताना मात्र एका ठिकाणी दोन रोपे उगवली असतील, तर त्यांतले एक उपटावे लागते, आणि तेही चांगलेच रोप असते. नव्या माणसाचा हात तेथे अडखळतो. तरीही ते उपटले नाही, तर दोहोंसही बोंडे धड लागत नाहीत. माझ्या यादीत तण असे फारसे नव्हतेच. तीत होती ती चांगलीच पुस्तके होती. म्हणूनच निंदणी करावयास बसलो असतो, तर एकही नाव खोडता आले नसते.

मी नावांचे तीन भाग केले. वर्गात उद्या उपयोगी पडेल ते पहिले. मनास ज्याची खरोखर ओढ आहे ते दुसरे. आणि आपण वाचलेले आहे असे चारचौघांत सांगता यावे म्हणून लिहिलेले ते तिसरे. हा तिसरा भागच सर्वांत मोठा निघाला, हे सांगताना मला लाज वाटते. तथापि तो खोडणे सोपे गेले.

कठीण गेले ते दुसऱ्या भागात. तरुणपणी माझी उमेद होती की संत नामदेवांवर आपण एक प्रबंध लिहावा. नर्सी आपल्याच जिल्ह्यातली. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर ह्यांचे नाव औंढ्याशी जोडलेले. त्या प्रबंधासाठी टिपलेली बावीस पुस्तके वहीत होती. ती खोडताना हात थांबला. पुस्तके खोडणे म्हणजे जो मी होणार होतो त्या माणसास निरोप देणे, असे त्या रात्री वाटले. अखेर त्यांतली एकवीस मी खोडली आणि नामदेवांची गाथा तेवढी ठेवली. प्रबंध होणार नाही, पण अभंग वाचणे तर होईल. सगळी छाटणी झाल्यावर १२० नावांतून नऊ उरली.

त्या नवांत नरहर कुरुंदकर ह्यांचे ‘जागर’ आहे. त्यांचे आडनाव ज्या कुरुंद्यावरून आले, ते गाव आपल्या वसमत तालुक्यातले. १९३२ ते १९८२ एवढेच, पन्नाशीही न गाठलेले, आयुष्य त्यांस लाभले. नांदेडच्या महाविद्यालयात जाण्यापूर्वी तेही आपल्यासारखे शाळेत शिक्षक होते. त्यांची सर्व पुस्तके आपल्या जिल्ह्याच्या अभिमानापोटी मी वहीत लिहून ठेवली होती. वाचले मात्र एकही नव्हते. ‘जागर’ हा लेखसंग्रह आहे. संसारी माणसास हा प्रकार फार सोयीचा, कारण एक लेख दोन-तीन रात्रींत पुरा होतो आणि मध्ये चार दिवस खंड पडला तरी धागा तुटत नाही.

येथवर मी माझ्याच वेळेचा हिशेब सांगितला. परंतु घरात वेळ हा एकट्याचा नसतो. माझी पत्नीही शिक्षिका आहे. रोज जेवणानंतर वीस मिनिटे वाचावयाचे ठरले आहे, असे मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा ती भांडी घाशीत होती. ती म्हणाली, “तुमची यादी तरी आहे. मला यादी करायलाही वेळ कुठे होता?” मजजवळ उत्तर नव्हते. रमाबाई रानडे ह्यांस न्यायमूर्तींनी स्वतः शिकविले, आणि घरातील बायकांचा रोष सोसून त्या शिकल्या, हे आपण मुलांस आदराने सांगतो. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणी आजही वाचल्या जातात. परंतु आपल्या घरातील स्त्रीच्या वाचनाची वेळ कोणती, हे आपण पुरुषांनी स्वतःस क्वचितच विचारलेले असते. आता रात्रीची भांडी मी घासतो, मुलगा ती पुसून ठेवतो, आणि मग आम्ही चौघेही वाचावयास बसतो. पत्नीने स्वतःच्या यादीत पहिले नाव लिहिले ते रमाबाईंच्याच पुस्तकाचे.

एक पथ्य आम्ही पाळतो. त्या वीस मिनिटांत भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत असतो. त्यावर उत्तम पुस्तके असतात हे खरे. परंतु त्याकडे पाहत बसलेला बाप ग्रंथ वाचीत आहे की निरोप चाळीत आहे, हे मुलास कळण्यास मार्ग नाही. हातातले पुस्तक मात्र त्यास दिसते.

वर्ष झाले. गणिताप्रमाणे माझी १५ पुस्तके व्हावयास हवी होती, झाली ११. नऊ नावे संपली आणि दोन नवी आली. नवे नाव लिहावयाचे ते जुने एक वाचून झाल्यावरच, हा नियम आहे. खोडलेली पुस्तके काही नाहीशी होत नाहीत. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांस आधार मिळाला, आणि त्यांच्या कपाटांत ती आपली वाट पाहतील. सारी पुस्तके आपल्याच वहीत सांभाळण्याची गरज नाही.

शेवटी शाळेविषयी एक सूचना. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन ह्यांनी १९३१ साली जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील एक वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. लहान मुलाचा वेळही मोलाचाच आहे. सुट्टीत वाचावयास तीस पुस्तकांची यादी देऊन आपण मुलाच्या माथी तेच ओझे ठेवतो, ज्याखाली आपण स्वतः वाकलो आहोत. त्यापेक्षा कपाट उघडून पाच पुस्तके त्याच्यापुढे मांडावीत, एक त्यास निवडू द्यावे, आणि न आवडल्यास अर्ध्यावर परत करण्याची मुभाही द्यावी. निवडणे आणि सोडणे ही दोन्ही वाचनाचीच अंगे आहेत. ती आम्हांस कोणी शिकविली नाहीत.

माझी विनंती एवढीच. आज घरी गेल्यावर आपापली यादी काढावी, मग ती वहीत असो, भ्रमणध्वनीत असो वा मनात असो, आणि तीतून एक चांगले पुस्तक खोडावे. पुढील परिषदेत भेटू तेव्हा काय वाचावयाचे आहे हे न सांगता, काय वाचून झाले हे एकमेकांस सांगू. मग ते दहा पानांचे का असेना.