जुन्या वाड्यातील बिऱ्हाड



'घर पाहावे बांधून' अशी म्हण आपल्याकडे आहे. ज्यांना घर बांधणे साधत नाही त्यांच्यासाठी 'घर पाहावे भाड्याने घेऊन' अशी पुरवणी तिला जोडावयास हरकत नाही. त्यातही घर जुने असले आणि त्याकडे कोणी लक्ष देत नसले, म्हणजे अनुभवात कसलीच उणीव राहत नाही. अशा घरांविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

१७८२ साली राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरास आली. आजही शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ या जुन्या वस्त्यांतून फिरताना गत काळातील घरे दिसतात. काळ्या दगडाचे जोते, त्यावर मातीच्या नाहीतर कच्च्या विटांच्या रुंद भिंती, सागवानी खांब, तुळया आणि वर कौले. एका कुटुंबासाठी बांधलेल्या वाड्यात पुढे सोपा एकाला, माजघर दुसऱ्याला, माडी तिसऱ्याला अशी बिऱ्हाडे आली. मालक वाढले, वाटण्या झाल्या. आणि जे घर सर्वांचे झाले ते हळूहळू कोणाचेच उरले नाही.

असे घर पडते कसे, हे नीट समजून घेतले पाहिजे. ते वयाने पडत नाही. मातीची भिंत डोक्यावर छप्पर व पायाशी कोरडी जमीन असेल तर शंभर वर्षे सहज उभी राहते. तिचा वैरी एकच, तो म्हणजे पाणी. माकडाच्या उडीने एखादे कौल सरकते. तेथून पाणी वाशावर उतरते, वाशावरून तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकापर्यंत जाते. ते टोक आतल्या आत कुजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग ओल दिसू नये म्हणून कोणी भिंतीला सिमेंटचा गिलावा करतो. हा उपाय रोगाहून वाईट; कारण चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून भिंतीची ओल बाहेर पडते, सिमेंटखाली ती कोंडून राहते. पंचगंगेकाठच्या वस्तीत तर पाणी वरून येते तसे खालूनही येते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्यापाशी नदीची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती; धोक्याची पातळी तेथे ४३ फूट धरतात. अशा पाण्यात भिजलेली मातीची भिंत पूर ओसरल्यावरही खचते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

आता दोष कोणाचा? बिऱ्हाडकरू म्हणतो, मालक कंजूष आहे. मालक म्हणतो, येणाऱ्या भाड्यात कौलेसुद्धा होत नाहीत. खरे पाहता दोघांच्याही बोलण्यात तथ्य असते. मुंबई इलाख्यात १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. घरांच्या टंचाईच्या त्या काळी तो हवाच होता. पण भाडी गोठली ती पुढे कित्येक दशके गोठलेलीच राहिली. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने, ही गोठलेली भाडी आता वाजवी म्हणता येत नाहीत, असा निर्वाळा दिला. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि वर्षाला शेकडा चार वाढीची मुभा मालकास मिळाली. पण मूळ आकडाच पन्नास रुपयांचा असेल, तर शेकडा चार म्हणजे दोन रुपये!

याच कायद्याच्या १४ व्या कलमात एक तरतूद आहे, आणि ती फार थोड्यांस ठाऊक असते. घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने हयगय केली, तर बिऱ्हाडकरूने किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी. त्यानंतर वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर ते स्वतः करून घ्यावे आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मर्यादा एवढीच की वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम त्या वर्षी वळती करता येत नाही. खर्चाचा हिशेब व पावत्या मात्र जपल्या पाहिजेत, कारण पुरावा तोच.

या चौथ्या हिश्शाचा हिशेब करून पाहा. महिना साठ रुपये भाडे असेल तर वर्षाचे सातशे वीस, आणि चौथा हिस्सा एकशे ऐंशी. एवढ्यात गवंडी दारातही उभा राहणार नाही. पण भाडे चार हजार असेल तर हा हिस्सा बारा हजार होतो. कौले चाळणे, पन्हळ साफ करणे, चार वासे बदलणे ही कामे त्यात दरसाल होऊ शकतात. जुने भाडेकरू जेथे आहेत तेथे मात्र कायद्याच्या काठीपेक्षा सलोखा अधिक कामाचा. चार बिऱ्हाडे आणि मालक यांनी मे महिन्यात एकत्र बसून शाकारणीचा खर्च वाटून घेतला, तर त्यात कोणाचाच हक्क बुडत नाही. अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर राहणाऱ्यास कायद्याने भाडेकरू मानले जात नाही. त्याने दुरुस्ती कोणी व केव्हा करावयाची, हे करारातच लिहून घ्यावे आणि करार नोंदवून घ्यावा.

घर पाहावयास जावे ते शक्यतो पावसाळ्यात. रंगाकडे पाहू नये; तुळई भिंतीत शिरते तेथे पाहावे. भिंतीने पोट काढले आहे काय, दार चौकटीत अडकते काय, न्हाणीचे पाणी कोठे जाते, हे विचारावे. भाडे स्वस्त का आहे, याचे उत्तर बहुधा तेथेच मिळते.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगावयाची आहे. धोकादायक घर रिकामे करण्याची महापालिकेची नोटीस आली तरी काही माणसे जागा सोडीत नाहीत. घराबाहेर पाऊल टाकले की हक्क गेला, ही त्यांची भीती. ती अगदीच निराधार नाही. दुसरे घर परवडत नाही हेही खरे. परंतु २०१४ साली महाराष्ट्रातील एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, इमारत पाडली गेली एवढ्यानेच भाडेकरूचा हक्क संपत नाही. तेव्हा भाड्याच्या पावत्या, वीजबिले, खोलीचे मोजमाप व छायाचित्रे एकत्र करून ठेवावीत, आणि जीव घेऊन बाहेर पडावे. हक्क कागदावर टिकविता येतो. भिंतीखाली सापडलेल्या माणसास तो उपयोगी पडत नाही.

जुने घर बहुधा मोठ्या खर्चाअभावी पडत नाही, लहान खर्च वेळेवर न झाल्याने पडते. मृग लागण्यापूर्वी एक माणूस छपरावर चढला पाहिजे. तो कोणाच्या पैशाने चढला, याचा वाद पावसाळ्यानंतरही घालता येईल.