उसने पेन परत का येत नाही?



उसने पेन परत न करणारा माणूस बहुधा चोर नसतो, हे आधी सांगतो. बँकेत पैसे काढायची स्लिप भरताना तो शेजाऱ्याकडून पेन घेतो, तेव्हा त्याचे सारे लक्ष खाते क्रमांकावर आणि रकमेवर असते. सही होते, खिडकीशी नंबर लागतो, मन तिकडे धावते. हाताला मात्र वर्षानुवर्षांची एकच सवय असते: लिहून झाले की पेन खिशाला.

ही तक्रार फार जुनी आहे. लेखणी आणि पोथी परक्या हाती गेली की गेलीच, असे बजावणारे संस्कृत सुभाषित आपल्याकडे अनेकांना पाठ असते. हस्तलिखितांच्या शेवटी नकलकार पोथीच्याच तोंडून विनवणी करतात, की तेलापाण्यापासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. समर्थ त्यात नाना देशांचे बोरू जमवायला सांगतात. बोरू तासून घडवावा लागे, त्यामुळे तो कोणाचा हे विसरणे कठीण होते. शाईपेनाची निब मालकाच्या वळणाला बसे, म्हणून पेन दुसऱ्याला देताना माणूस कचरत असे. कित्येक जण त्यावर नावही कोरून घेत.

लास्लो बिरो यांनी १९३८ मध्ये बॉलपेनाचे पेटंट घेतले. पुढे बॉलपेन स्वस्त झाले, घरोघरी पोहोचले, ही मोठीच सोय. पण सगळी पेने सारखी दिसू लागली आणि मालकाची खूण पुसली गेली. घेणाऱ्याला वाटते, एवढ्याशा पेनाचे काय! देणाऱ्याला परत मागायचा संकोच वाटतो.

मालकाची खूण नसलेल्या इतर वस्तूंचेही असेच होते. मेलबर्नच्या एका संशोधन संस्थेत ७० चमचे गुपचूप खुणा करून चहाच्या खोल्यांत ठेवले होते. पाच महिन्यांत ५६ नाहीसे झाले. २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा अहवाल छापून आला. सर्वांच्या वापरातल्या खोल्यांतले चमचे एकेका गटाच्या खोलीतल्या चमच्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने गेले. ज्या वस्तूला धनी दिसत नाही, ती लवकर जाते.

पेन पाच-दहा रुपयांचे असेल, पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. दोनदा पेन गमावलेला माणूस तिसऱ्या वेळी खिशात पेन असूनही ‘नाही’ म्हणतो. तो नकार ऐकावा लागतो एखाद्या आजीला, जिला खिडकी बंद व्हायच्या आत फॉर्म भरायचा आहे. पेन नेले एकाने आणि अडली भलतीच! काउंटरवरच्या पेनाला दोरी बांधावी लागते, तीही यामुळेच.

उपाय आपल्याच लोकांनी शोधलेला आहे: पेन द्यावे, टोपण स्वतःकडे ठेवावे. उघडे पेन खिशाला लावताना शाईच्या भीतीने हात थबकतो आणि त्याच क्षणी पेनाचा धनी आठवतो. खटक्याच्या पेनाला टोपण नसते. तिथे घेणाऱ्याने लिहून होईपर्यंत देणाऱ्याच्या शेजारीच उभे राहावे.

आणि देणाऱ्यांनो, मोकळेपणाने परत मागा. त्यात चिकटपणा नाही. आपले पेन परत आले, तरच पुढच्या अडलेल्या माणसाला ते देता येईल.