पावती नंबर नसलेली बातमी

गटाच्या आम्ही सहयोगिनी नेहमी बचत, व्याज, कर्जफेड यावर बोलतो. आजचा विषय लांबचा वाटेल, पण तोही हिशेबाचाच आहे. कंपन्या राजकीय पक्षांना पैसे देतात, त्याच्या बातम्या आपल्यापर्यंत येतात, त्या कितपत खऱ्या असतात? आधीच सांगतो, आपल्या केंद्राला राजकीय बातम्या द्यायची परवानगी नाही आणि आम्हाला कुणाचा प्रचारही करायचा नाही. बातमी तपासायची कशी, एवढंच बोलायचं आहे.

निवडणूक रोखे हा शब्द तुम्ही ऐकला असेल. जानेवारी 2018 मध्ये ही योजना सुरू झाली. कंपनीने किंवा माणसाने स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, एक हजारापासून एक कोटीपर्यंतचा. तो पक्षाला द्यायचा आणि पक्षाने पंधरा दिवसांत वटवायचा. कुणी कुणाला दिला, हे तुम्हाआम्हाला कळणार नाही. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली आणि एप्रिल 2019 पासूनचा तपशील जाहीर करायला सांगितलं. बँकेने जूनअखेरपर्यंत मुदत मागितली, ती न्यायालयाने दिली नाही. 14 मार्चला निवडणूक आयोगाने याद्या लोकांपुढे ठेवल्या.

आता गंमत बघा. याद्या दोन होत्या. एकीत रोखे कुणी घेतले ते, दुसरीत कोणत्या पक्षाने किती वटवले ते. दोन्हींना जोडणारा नंबर कुठेच नाही. समजा आपल्या गटाच्या एका वहीत पैसे भरणाऱ्यांची नावं आहेत, दुसरीत पैसे घेणाऱ्यांची, आणि पावती नंबर कुठेच नाही. कोणाचे पैसे कोणाकडे गेले ते सांगता येईल का? ऑडिटला आलेला माणूस तसली वही परतच करील.

पण त्या आठवड्यात फोनवर धडाधड बातम्या आल्या. अमुक कंपनीने तमुक पक्षाला इतके कोटी दिले! काही पक्षांनी आपल्या देणगीदारांची नावं आयोगाला कळवली होती, तेवढी सोडली तर बाकी सगळा अंदाज होता. आणि अंदाज ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे. आमच्या एका गटात मासिक बैठकीत याच मेसेजवरून जुंपली. दोघी दोन पक्षांच्या घरातल्या. वसुली राहिली बाजूला, आणि पुढच्या बैठकीला एक आलीच नाही. ज्यांनी तो मेसेज बनवला त्यांना आपल्या गटाचं काय पडलंय?

यादीत ‘हब पॉवर कंपनी’ असं एक नाव होतं, 95 लाखांचे रोखे. कराचीतही याच नावाची कंपनी आहे. झालं! पाकिस्तानच्या कंपनीने आपल्या पक्षाला पैसे दिले, तेही पुलवामानंतर, असं देशभर पसरलं. कराचीच्या कंपनीने आमचा काही संबंध नाही असं सांगितलं, आणि तपासणाऱ्या पत्रकारांना त्याच नावाची नोंदणी दिल्लीतच सापडली. एका गावात दोन सुमनबाई असतात, म्हणून एकीचं कर्ज दुसरीच्या नावावर लिहितो का आपण?

21 मार्चला रोख्यांचे नंबर बाहेर आले, तेही न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर. मग जोडणी झाली. सगळ्यात जास्त, 1,368 कोटींचे रोखे घेणारी लॉटरीवाली फ्यूचर गेमिंग. तिचा सर्वाधिक पैसा तृणमूल काँग्रेसला आणि त्याखालोखाल द्रमुकला गेलेला निघाला, भाजपला 100 कोटी. दुसऱ्या क्रमांकाच्या मेघा इंजिनिअरिंगचा सर्वाधिक पैसा मात्र भाजपला. एकूण वटवलेल्या रोख्यांत जवळपास निम्मी रक्कम भाजपची, सहा हजार कोटींच्या वर. आठवडाभर थांबलो असतो तर यातलं काहीच भांडून ठरवावं लागलं नसतं.

या नंबरची गोष्ट आम्हाला फार आवडते. पूनम अग्रवाल नावाच्या पत्रकार आहेत. एप्रिल 2018 मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशाने हजार-हजारांचे दोन रोखे घेतले आणि प्रयोगशाळेत तपासायला दिले. साध्या डोळ्यांना न दिसणारा नंबर अतिनील प्रकाशात दिसला. सरकारने म्हटलं, ती बनावट रोखण्यासाठीची खूण आहे, तिच्यावरून कुणाचा माग काढला जात नाही. सहा वर्षांनी त्याच नंबरांनी सगळा हिशेब जुळला. दोन हजार रुपये आणि एक चिकाटीची बाई. याला आम्ही बातमी म्हणतो.

नंबर जुळला तरी एक गोष्ट उरते. 10 नोव्हेंबर 2022 ला ईडीने अरबिंदो फार्माच्या एका संचालकाला अटक केली. 15 नोव्हेंबरला कंपनीने पाच कोटींचे रोखे घेतले, ते भाजपने वटवले. हे कागदावर आहे. याच कंपनीचे रोखे भारत राष्ट्र समितीनेही वटवलेत, हेही कागदावर आहे. पैसे का दिले, ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. संशय येतो, यायलाच हवा, आणि पत्रकाराने तो विचारलाच पाहिजे. पण ‘अटकेनंतर पाच दिवसांनी दिले’ आणि ‘सुटण्यासाठी दिले’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्याला वेगळा पुरावा लागतो. विशेष तपास पथक नेमा, ही मागणी न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये मान्य केली नाही.

आयोगाच्या संकेतस्थळावर या याद्या ठेवलेल्या आहेत. तुमच्या घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला उघडायला सांगा. पुढच्या बैठकीला असा एखादा मेसेज कुणाकडे आला असेल, तर तो पुढे न पाठवता फोनसकट घेऊन या. हप्त्याचा हिशेब झाला की यादी समोर ठेवून बघू.