इंटरनेटचा कारभार आणि शासनाची जागरूकता



इंटरनेटवरील नावे आणि पत्ते यांची मूळ नोंदवही सांभाळणारी 'आयकॅन' ही संस्था १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाली. तिचा अमेरिकी शासनाशी असलेला करार २०१६ साली संपला आणि कंपन्या, तंत्रज्ञ, नागरी संस्था व सरकारे मिळून हा कारभार पाहू लागली. तेथे सरकारांचे स्थान मुख्यतः सल्लागाराचे आहे. म्हणूनच जो अभ्यासपूर्वक व सातत्याने बोलतो, त्याचेच म्हणणे नियमांत उतरते.

२०११ साली भारताने संयुक्त राष्ट्रांत सरकारांच्या समितीची मागणी केली. २०१५ साली सर्व घटकांच्या सहभागाला पाठिंबा दिला. भूमिका बदलणे हा दोष नव्हे. परंतु अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर अभ्यासही निघून जाता कामा नये.

२०१४ साली देवनागरीत '.भारत' आले. मात्र पत्त्यात कोणती अक्षरे चालतील, हे समित्याच ठरवतात. आपल्या 'ळ'ची बाजू मांडायला तेथे मराठी जाणणारा माणूस नको काय?

म्हणून आपल्या खासदारांना पत्र लिहून विचारा : पुढील बैठकीला कोण जाणार, काय मांडणार? समाज विचारत राहिला, तरच शासन जागे राहील.