संशयाचा फायदा

साताऱ्यात किंवा सांगलीत सत्र न्यायालयापुढे खुनाचा खटला उभा राहतो तेव्हा गुन्हा शाबीत करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. खरा खुनी शोधून हजर करणे हे आरोपीच्या वकिलाचे काम नव्हे, त्याने पुराव्याची साखळी कडीकडीने पारखावयाची असते.

समजा, कृष्णाकाठच्या एखाद्या उसाच्या फडातून रक्ताने माखलेला कोयता जप्त झाला. तो काढून देण्याविषयीचे आरोपीचे निवेदन कोणत्या पंचांसमक्ष नोंदले गेले, पंच प्रत्यक्ष फडात गेले की ठाण्यातच त्यांनी पंचनाम्यावर सह्या केल्या, मुद्देमालाला लाखेची मोहोर केव्हा लागली आणि रासायनिक विश्लेषकाकडे पोहोचेपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता, हे उलटतपासणीत शांतपणे विचारले असता पुष्कळदा भक्कम भासणारी फिर्याद डळमळते.

पुण्याच्या सारडा खटल्यात उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशी रद्द करून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली आरोपीस निर्दोष सोडले आणि अशा परिस्थितिजन्य पुराव्याचे पंचशील, म्हणजे पाच कसोट्या, सांगितले. त्यांतली पहिली अशी: आरोपी गुन्हेगार ‘असू शकेल’ एवढे पुरेसे नाही, तो ‘असलाच पाहिजे’ असे सिद्ध झाले पाहिजे. मात्र शंका वाजवी हवी. १९७३ च्या बोबडे खटल्यात त्याच न्यायालयाने क्षुल्लक शंकांच्या आहारी जाण्याविरुद्ध दिलेला इशारा मला तितकाच मोलाचा वाटतो.

पुरावा असा पारखायला वकील हवाच; कोठडीतील आरोपीस तो करण्याची ऐपत नसेल, तर त्याच्या आप्तांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अवश्य अर्ज करावा. तेथे वकील विनामूल्य मिळतो.